डोक्यावर तांदूळ नसलेला पक्षी

२५ नोव्हेंबर १९९७ हा दिवस मंगळवारचा होता, हे मी पुढे कित्येक वर्षांनी जुन्या दिनदर्शिकेत शोधून काढले. मंगळवार, म्हणजे कॉलेजला सुटी नव्हती. म्हणजे मी शहाद्यात, अकरावीच्या वर्गात, शेवटून दुसऱ्या बाकावर बसलो असणार. फळ्याकडे लक्ष असेल अशी खात्री मी स्वतःही देत नाही. आणि त्याच सकाळी, शहाद्यापासून जवळच, सातपुड्याच्या पायथ्याच्या सागाच्या जंगलात तीन अमेरिकन माणसे माना वर करून एका बोडक्या झाडाच्या शेंड्याकडे पाहत उभी होती. त्या शेंड्यावर एक वीतभर उंचीचे घुबड बसले होते. ११३ वर्षे जे कोणी पाहिले नव्हते, असे ते घुबड.

त्या तिघांची नावे पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट. पक्ष्याचे मराठी नाव रानपिंगळा. आधी त्यांनी पूर्वेकडची, छत्तीसगड-ओडिशाकडची जंगले पालथी घातली होती. तिथे काही हाती लागले नाही म्हणून ती मंडळी आमच्याकडे आली. झाडावरचे घुबड प्रथम किंग यांना दिसले. जगभरच्या पक्षिशास्त्रज्ञांत केवढी खळबळ उडाली! आमच्या शहाद्यात मात्र त्या आठवड्यात कापसाच्या भावाखेरीज कशाची चर्चा झाल्याचे मला आठवत नाही.

माझ्या हातून ही संधी गेली, असे म्हणण्यात अर्थ नाही. माझ्या हातात ती कधी नव्हतीच. पण माणसाचे मन मोठे विचित्र असते. घराजवळून वरात गेली आणि आपण झोपून राहिलो, असली चुटपुट मला पुढे लागून राहिली. मी मराठी शिकवतो. पक्षिशास्त्राचा आणि माझा संबंध हौसेपुरता. तरी गेली वीस वर्षे सुट्टी मिळाली की मी दुर्बीण गळ्यात अडकवून महाराष्ट्राच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात जातो, आणि घरी परत आल्यावर पत्नी विचारते, “दिसला का?” बहुतेक वेळा उत्तर एकच असते.

साधा पिंगळा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. चिंचेच्या ढोलीत जोडीने राहणारा, तिन्हीसांजेला कर्कश भांडण काढणारा, आणि आपण पाहिले की मान खालीवर करून आपल्यालाच नमस्कार करणारा. आमची आजी त्याच्या ओरडण्यावरून दुसऱ्या दिवसाचे भविष्य ठरवी. पहाटे कंदील आणि कुडमुडे घेऊन येणारा जोशी स्वतःलाच पिंगळा म्हणवी. पक्ष्याची भाषा आपल्याला कळते असा त्याचा दावा. सुपातले धान्य त्याच्या झोळीत पडेपर्यंत तो घराची भरभराट सांगत राही. एखाद्या पक्ष्याच्या नावाने माणसांची एक जातच ओळखली जावी, ही मराठीतली मोठी मौजेची गोष्ट आहे. वर्गात लोकसाहित्य शिकवताना मी इथे हमखास पाच मिनिटे जास्त घेतो.

रानपिंगळा या पिंगळ्याचा जंगलात राहणारा भाऊबंद. चुलत म्हणा. त्याची शास्त्रीय नोंद १८७३ मध्ये केली ती अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी. राष्ट्रसभेच्या स्थापनेच्या धड्यात आपण ज्यांचे नाव पाठ करतो तेच हे ह्यूमसाहेब. पुढच्या दहा-अकरा वर्षांत मिळून या पक्ष्याचे अवघे सात नमुने गोळा झाले. शेवटचे आमच्या खानदेशातले, जेम्स डेव्हिडसन नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने १८८४ पर्यंत जमवलेले. त्यानंतर सगळे चिडीचूप.

सगळे म्हणजे, एक अपवाद सोडून. आणि या अपवादासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

कर्नल रिचर्ड माइनर्टझॅगन हे नाव ब्रिटिश पक्षिशास्त्रात मोठ्या दबदब्याचे होते. सैन्यातला पराक्रम, हेरगिरीच्या कथा, हजारो पक्ष्यांचा संग्रह. आपले सलीम अली १९३७ मध्ये त्यांच्याबरोबर अफगाणिस्तानात मोहिमेवर गेले होते. या कर्नलसाहेबांच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता आणि त्याच्या पायाला चिठ्ठी होती: मांडवी, १९१४. मांडवी म्हणजे गुजरातेतले, तापीकाठचे. झाले! जो कोणी रानपिंगळा शोधायला निघे, तो ही चिठ्ठी प्रमाण मानून मांडवीकडे जाई आणि हात हलवत परत येई. पक्षी नामशेष झाला, असे लोक हळूहळू म्हणू लागले.

पुढे नव्वदीच्या दशकात रासमुसेनबाईंनी आणि नायजेल कोलर यांनी तो पेंढा भरलेला पक्षी हातात घेऊन त्याची शिवण, त्याचे भरण बारकाईने तपासले आणि भलतेच निघाले. कर्नलसाहेबांनी तो पक्षी मांडवीत मारलेला नव्हताच. तो डेव्हिडसनचा खानदेशातला नमुना, ब्रिटिश म्युझियममधून लंपास केलेला, उसवून पुन्हा भरलेला आणि खोटी चिठ्ठी बांधलेला! चिठ्ठीवर विसंबायचे नाही असे ठरल्यावर मग खऱ्या सात नमुन्यांची ठिकाणे तेवढी उरली. त्यांतले एक होते शहादे.

मला या कथेत चोरीचे फारसे नवल वाटत नाही. नवल वाटते ते त्या चिठ्ठीचे. दोन शब्द आणि एक तारीख. “मांडवी” हे गाव काही काल्पनिक नव्हे; ते आमच्याच तापीवर, खाली उताराला आहे. नदी तीच, साग तोच. म्हणूनच ते खोटे इतके खऱ्यासारखे वाटले. संशोधक माणसे खाली शोधत राहिली आणि पक्षी वर बसून राहिला.

हे सारे मी वाचले तेव्हा कर्नलसाहेबांवर यथेच्छ तोंडसुख घेतले. स्टाफरूममध्ये चहाबरोबर हा विषय मी इतक्या वेळा काढला की आमचे वनस्पतिशास्त्राचे सर मला पाहून “आला कर्नल” असे म्हणू लागले. तेव्हा मला कल्पना नव्हती की ते नाव मला एक दिवस शोभून दिसेल.

पण ते सांगण्याआधी दोन माळरानांवर जाऊन येऊ.

२००६ साली सोलापूरला साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते मारुती चितमपल्ली. ज्याने हयात जंगलखात्यात घालवली आणि पक्ष्यांची मराठी नावे खेडोपाडी हिंडून गोळा केली असा माणूस. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले, त्याच सोलापुरात. त्या संमेलनाला मी नवाकोरा अधिव्याख्याता म्हणून गेलो होतो. एका परिसंवादाला दांडी मारून (विषय सांगत नाही, वक्ते अजून लिहिते आहेत) मी नान्नजला गेलो. सोलापूरपासून वीसेक किलोमीटर. डोळे शिणेपर्यंत पिवळे गवत, मध्येच काळविटांचा कळप, आणि तासाभराने दूरवर गवतातून वर आलेली एक पांढरी मान. एवढेच. धिप्पाड पक्षी; पण गवताने त्याला छातीपर्यंत झाकलेले. तो दोन पावले चालला, थांबला, पुन्हा दोन पावले. माळढोक चालतो तो एखाद्या जुन्या इनामदारासारखा. घाई कसली ती ठाऊक नाही.

या माळरानाकडे लोकांचे लक्ष वेधले ते सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी या पक्षिनिरीक्षकाने, सत्तरीच्या दशकात. १९७९ मध्ये अभयारण्य झाले, आणि झाले ते केवढे? ८,४९६ चौरस किलोमीटर! कागदावर त्यात शेते आली, गावे आली, रस्ते आले. जमीन विकायची तर परवाना, विहीर खणायची तर शंका. शेतकऱ्याला माळढोक म्हणजे आपल्या सातबाऱ्यावर बसलेला पक्षी वाटू लागला, यात त्याचे काय चुकले? पुढे २०१२ मध्ये क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणले. तोवर पक्षीच कमी झाला होता. माळावर ऊस आला, विजेच्या तारा आल्या. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही, डोळे बाजूंना. जड अंगाने उडताना तो तारेवर आपटतो. वर्षाला बहुधा एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर. साऱ्या देशात आता दीडशेच्या आसपास उरले असावेत, बहुतेक राजस्थानात.

२०२२ मध्ये मी पुन्हा नान्नजला गेलो. गवत छान राखले होते. काळविटे होती, लांडग्याच्या पायाचे ठसे होते. सबंध दिवस मी त्या गवतात एक पांढरी मान शोधत होतो. अलीकडे कधी एखादी मादी दिसल्याची बातमी येते आणि सोलापूरची पक्षिमित्र मंडळी ती लग्नपत्रिकेसारखी एकमेकांना कळवतात. मला काही दिसले नाही. संध्याकाळी सोलापुरात शेंगाचटणी घेतली आणि रात्रीची गाडी पकडली.

दुसरे माळ अकोल्याकडचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये एका चर्चासत्राला गेलो असताना तिकडच्या फासेपारध्यांची ओळख झाली. तणमोर हा पावसाळ्यात उंच गवतात, कधी सोयाबीनच्या वावरात वीण करणारा पक्षी. नराला काळ्या पिसांचा मुकुट असतो आणि मादीला दिसावे म्हणून तो गवतातून उभा वर उसळतो. दिवसातून शेकडो वेळा. ज्यांच्या आजोबांनी फास लावून तणमोर धरले, त्यांतलेच काही जण आता त्याचे घरटे शोधून राखतात. एका म्हाताऱ्या पारध्याने मला बांधावर उभे करून समोर बोट दाखवले. “तिथून उडी मारतो.” मी दीड तास उभा राहिलो. पाऊस आला. पक्षी काही उसळला नाही. परतताना मी सहज म्हणालो, “आज नसेल कदाचित.” म्हाताऱ्याला राग आला. “मी सांगतो ना, आहे,” तो म्हणाला. “तुम्हाला दिसला नाही म्हणून नाही होत नाही.” मराठीची एम.ए. झालेल्या माणसाला इतके नेटके वाक्य सहसा सुचत नाही.

आता माझी गोष्ट.

२०१६ चा पावसाळा संपत आला होता. आमच्या तालुक्याच्या उत्तरेला, केळीच्या बागा संपतात आणि सातपुड्याचा पहिला चढ सुरू होतो तिथे एक जुनी आमराई आहे. तिथल्या ढोलीत भर दुपारी मला एक पिंगळा दिसला. आता साधा पिंगळाही दिवसा कधी बाहेर येतो, हे मला ठाऊक होते. पण त्या दिवशी मला ते ठाऊक असायला नको होते. रानपिंगळा दिवसा हिंडतो, हे एकच वाक्य डोक्यात. फोटो काढला तो हलला. छाती मला गडद वाटली. १९९७ नंतर रानपिंगळा तळोदा, तोरणमाळ, यावल, मेळघाट इथे सापडला होता. २०१४ मध्ये तर मुंबईला पाणी पाजणाऱ्या तानसा तलावाच्या जंगलातही दिसला होता. मग माझ्या आमराईने काय घोडे मारले होते?

मी एका स्थानिक वृत्तपत्रात लेख लिहिला. आमराईचे वर्णन केले, गावाचे नाव दिले, ढोल कोणत्या बाजूला आहे तेही लिहिले. लेख चांगला उतरला होता. अभिनंदनाचे फोन आले.

आठ दिवसांत गाड्या येऊ लागल्या. हातभर लांबीच्या भिंगाचे कॅमेरे घेतलेली मंडळी, कुणी मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढी, कुणी फांदीवर दगड मारी. त्यांतल्या एका जाणत्या मुलाने मला रात्री फोन केला. “सर, राग मानू नका, पण तो साधाच पिंगळा आहे. डोक्यावर ठिपके स्पष्ट आहेत.” मी राग मानला. त्याला म्हटले, उजेड नीट नसेल.

दिवाळीच्या आधी चार दिवस मी पुन्हा आमराईत गेलो. ढोल रिकामी होती. ढोलीच्या तोंडाशी साल सोललेली, खाली काठीला बांधलेल्या फासाची दोरी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री घुबडाचा बळी दिला की धन येते, असे मानणारे लोक आपल्यात आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा ठरवले तरी दिवाळीच्या तोंडावर हा चोरटा व्यापार चालतो. लक्ष्मीचे वाहन मारून लक्ष्मी प्रसन्न होईल, हा हिशेब कोणी मांडला असेल कोण जाणे. आमराईचा मालक, माझ्या वडिलांच्या वयाचा शेतकरी, बांधावर बसला होता. तो रागावला असता तर बरे झाले असते. “तीस वर्षं होती ती जोडी,” तो म्हणाला. “म्हणजे ती नाही, तर तिची आई, तिची आजी. उंदीर खायची. कोणी विचारलं नाही कधी. तुम्ही कागदात लिहिलं, मग विचारायला लागले.”

वनखात्याला कळवले. पंचनामा झाला. पुढे काही निष्पन्न झाले नाही. होण्यासारखे काही उरलेही नव्हते.

कर्नलसाहेबांनी खोट्या ठिकाणाची चिठ्ठी बांधली. मी ठिकाण खरे दिले, पक्ष्याचे नाव खोटे. त्यांना खोटे आहे हे माहीत होते, मला नव्हते, असे मी बरेच दिवस स्वतःला समजावून पाहिले. पण त्या मुलाचा फोन आला तेव्हा मला माहीत झाले होते, आणि तरी मी चुकीची दुरुस्ती छापायला दिली नव्हती. वृत्तपत्रात पक्षी दुर्मीळच राहिला. जो दुर्मीळ नव्हता तो दुर्मीळ म्हणून मेला.

त्यानंतर मी पक्ष्यांवर एक ओळ लिहिली नाही. दुर्बीण कपाटात गेली. नान्नज आणि अकोल्याच्या वाऱ्या मी रिकाम्या वहीने केल्या.

२०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी मला जवळजवळ ओढूनच सातपुड्यात नेले. त्यांच्या ओळखीचे एक पावरा गृहस्थ तिथे राहतात. वय सत्तरीच्या पुढे. पूर्वी वनमजूर होते, पक्षी मोजायला आलेल्या संशोधकांबरोबर हिंडलेले. सगळे त्यांना बाबा म्हणतात. रात्री त्यांच्या अंगणात शेकोटीपाशी भरीत आणि कळण्याची भाकरी झाली. मी त्यांना आमराईची गोष्ट सांगितली. का सांगितली कळत नाही. बाबांनी निखारे सारले आणि म्हणाले, “सकाळी लवकर उठा.”

सकाळी सागाची पाने पायाखाली पापडासारखी मोडत होती. आवाज न करता चालणे अशक्य. बाबा मात्र चालत होते. साग सगळे बोडके, पळसाला नुकते काळे कळे. अर्ध्या तासाने मला एका फांदीवर पिंगळा दिसला आणि सवयीने माझे बोट वर गेले.

“तो नाही,” बाबा वर न पाहता म्हणाले. “त्याच्या डोक्यावर तांदूळ सांडलेत.”

दुर्बिणीतून पाहिले. खरेच, कपाळभर पांढरे ठिपके. लग्नातून उठून आलेला, अक्षता न झटकलेला. नऊ वर्षांपूर्वी मला हे कोणी अशा शब्दांत सांगितले असते तर! पण नाही, त्या मुलाने सांगितलेच होते की.

पुढचे पाऊण तास काही नाही. मग एका ओढ्याच्या वळणावर बाबा थांबले आणि हनुवटीने वर खूण केली. सागाच्या अगदी शेंड्यावर, पूर्ण उन्हात, एक ठेंगणा पक्षी. डोके मोठे, वर ठिपका म्हणावा असा जवळजवळ नाहीच. छातीवर गडद पट्टा सलग, त्याखाली पोट स्वच्छ पांढरे, पायांवर पांढऱ्या पिसांच्या विजारी. शेपटी आडवी झटकत होता. थांबून थांबून, रागावल्यासारखी. त्याने आमच्याकडे पाहिले, मग खाली पाचोळ्याकडे पाहिले. आमच्यापेक्षा पाचोळ्यात त्याचे जास्त काम होते. एकदम झेप घेतली, जमिनीवर काही धरले, बहुधा सरडा, आणि ओढ्यापलीकडे गेला. घड्याळात आठ बावन्न झाले होते.

सरांनी फोटो काढले होते. एकही मला पाहवला नाही. डोळ्यांत पाणी आले होते आणि ते सरांना कळू नये अशी इच्छा होती. त्यांना कळले. ते आपले मुकाट्याने चष्मा पुसत राहिले.

परत येऊन अंगणात बसलो. मी वही काढली. पक्ष्याचे नाव लिहिले, तारीख लिहिली, वेळ लिहिली. ठिकाणाच्या रकान्यापाशी पेन थांबले. बाबा बघत होते.

“कागदात देणार?”

“देईन म्हणतो,” मी म्हणालो. “पुढच्या दिवाळीला.”

“गावाचं नाव?”

“नाही.”

बाबांनी थोडा विचार केला. मग घरात वळून सुनेला हाक मारली, “चहा टाक गं, सरांना.” मी रकान्यात “सातपुडा” एवढेच लिहिले आणि वही मिटली.